कौतुकात जंतू नसतात

हॉस्पिटलात तिला सगळे जंतूबाई म्हणायचे. तोंडावर कुणाची टाप नव्हती, पण पाठ वळली की जंतूबाई. तिला हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. मूळची ती नर्स, अर्धं आयुष्य ऑपरेशन थिएटरात काढलेली. पुढे मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे हॉस्पिटलच्या मालकांनी, तिला तिथून काढून एक छोटी खोली, एक फोन आणि एक विचित्र काम दिलं. पेशंट एक दुखणं घेऊन येतो आणि बरा होऊन जाताना आपल्याकडूनच दुसरं काही घेऊन जातो का, एवढं बघायचं. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, मला कोपऱ्यात बसवलं. हिचा मात्र आनंद पोटात मावेना. नवरा म्हणायचा, "लोकांच्या बायका शेजारणींच्या भानगडी काढतात, आमची जंतूंच्या काढते."

आता खासगी हॉस्पिटल म्हटलं की तिथं सगळं चकाचक. फरशीत तोंड बघून घ्यावं. आणि अशा ठिकाणी 'आपल्याकडे संसर्ग होतो' हे वाक्य म्हणजे लग्नघरात शिंकल्यासारखं. सगळे दुसरीकडे बघायला लागतात. ऑपरेशन झालं, टाके घातले, पेशंट हसत घरी गेला, म्हणजे हॉस्पिटलच्या लेखी सगळं आलबेल. पण जखमा फार लबाड असतात. त्या घरी गेल्यावर चिघळतात. मग माणूस कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातो, तिथं पट्टी करून घेतो, आणि ज्या हॉस्पिटलातून हे सोबत आलं त्याला याची गंधवार्ताही नसते. जंतूबाईनं हे ओळखलं होतं. म्हणून ती घरी गेलेल्या प्रत्येक पेशंटला फोन करायची. एकालाही सोडायची नाही.

हॉस्पिटलातून फोन म्हटला की लोक गडबडूनच जातात. कुणी घाबरून नवऱ्याच्या हातात फोन देई, कुणी राँग नंबर म्हणून ठेवून देई. एका आजीबाईंनी तर मोठ्या आशेनं विचारलं होतं, "आमची कवळी सापडली का?" जंतूबाई सगळ्यांना पुरून उरायची. जखम लाल दिसते का, पाणी येतं का, ताप आहे का, हे विचारून झालं की शेवटी म्हणायची, "आणखी काही सांगायचंय?" मग सुरू व्हायचं तक्रारींचं पुराण. चहा गार होता, पंखा आवाज करत होता, बेल दाबली तर कुणी येत नव्हतं. हे सगळं ती जिवाचा कान करून ऐकायची, कारण तक्रारीत कधी काय हाती लागेल सांगता येत नाही. पंख्याच्या एका तक्रारीवरून तिनं खिडकीतल्या कबुतरांचा छडा लावला होता. कौतुक मात्र तिला सोसायचं नाही. कुणी डॉक्टरांचे गोडवे गायला लागलं की ती "बरं बरं, सांगते हं" म्हणून फोन ठेवायची. तिचं ठरलेलं वाक्य होतं, कौतुकात जंतू नसतात.

तर त्या थंडीत घोटाळा सुरू झाला. सिझेरियन झालेल्या काही बायकांच्या जखमा घरी गेल्यावर उघडू लागल्या. सगळ्यांच्या नव्हेत. एकीची बिघडे आणि तिच्या शेजारच्या खाटेवरची ठणठणीत. लॅबमधले काका, ज्यांना जंतू ओळखायची अशी सवय होती की जंतू वाढवायच्या काचेच्या ताटलीचं झाकण काढायच्या आधीच नाव सांगायचे, त्यांनी सांगितलं की सगळ्या जखमांत एकच जंतू आहे.

"हा ओलीतला पाहुणा," ते म्हणाले. "जिथं ओल तिथं याचं बिऱ्हाड. आणि इतका निगरगट्ट की ऑपरेशनआधी आपण कातडीला औषध चोळतो ना, त्यालाही हा पुरता बधत नाही."

झालं. जंतूबाईच्या अंगात संचारलं. नळ, मोऱ्या, बेसिनच्या जाळ्या, फरशी पुसायची फडकी, थिएटरातल्या बाटल्या, जिथं म्हणून ओल दिसेल तिथून ती कापसाची काडी फिरवून लॅबकडे धाडू लागली. लॅबकाका हात जोडायचे. थिएटरातल्या नर्सा तिला येताना बघून नळच बंद करायच्या. आणि इतकं करून हाती काय, तर शून्य. जिथं बघावं तिथं स्वच्छ. साप साप म्हणून भुई धोपटत होती बिचारी.

एरवी हा शोध तिला खेळासारखा वाटला असता. पण या खेपेला तसा वाटत नव्हता, कारण तिची धाकटी बहीण याच हॉस्पिटलात बाळंत होणार होती. बाळ पायाळू, खाली डोक्याऐवजी पाय घेऊन बसलेलं. ऑपरेशन ठरल्यातच जमा. जंतूबाईनं बहिणीला समजावून पाहिलं, की बाई, दुसरीकडे जा.

"दुसरीकडे माझं कोण आहे?" धाकटी म्हणाली. "इथं तू आहेस."

"मी आहे म्हणूनच सांगतेय ना."

यावर आईनं मटार सोलता सोलता मान वर केली. आई फार बोलत नसे, पण बोलली की टाचणी टोचल्यासारखी. "स्वतःच्या बहिणीला दुसरीकडे धाडशील," ती म्हणाली, "आणि लोकांच्या लेकींना मात्र इथंच ठेवशील. असंच ना?"

जंतूबाई उठली. ती तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि हे जसंच्या तसं त्यांना सांगितलं. डॉक्टर तापट होते, पण मनाचे सरळ. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, "या आठवड्यात सापडलं नाही तर ठरलेली सगळी ऑपरेशनं मी थांबवतो. बोर्डावर लिहून लावतो, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. पण बाई, अडलेल्या बाळंतिणीला मी परत कसा पाठवू? तुम्ही शोधा."

शोधा म्हणे. म्हणणाऱ्याचं काय जातं? पण बाई दुसऱ्या दिवशी सकाळीच फोनला चिकटली. आधी त्या शिंपीणबाईंना लावला, ज्यांची जखम दुसऱ्यांदा उघडली होती. जंतूबाईनं त्यांना इतके फोन केले होते की आता त्या आवाजावरूनच ओळखायच्या.

"तुम्ही पुन्हा?" शिंपीणबाई म्हणाल्या. "अहो, मी असे टाके घातले असते तर गिऱ्हाइकानं दुकान डोक्यावर घेतलं असतं."

"खरंय तुमचं. पण आणखी एकदा सांगा. ऑपरेशनच्या सकाळी काय काय झालं?"

त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. आंघोळ, गाऊन, सलाईन, बाळ कसं आहे ते बघायला सोनोग्राफी, मग थिएटर. "एक मात्र सांगते," त्या म्हणाल्या. "तुमची ती सोनोग्राफीतली मावशी आहे ना, तिला माझा नमस्कार सांगा. ते पोटावर लावायचं जेल तिनं कोमट करून लावलं हो. एवढ्या थंडीत जीव सुखावला. माझ्या आईनंही इतकं केलं नसतं."

"बरं बरं, सांगते हं," जंतूबाई म्हणाली आणि सवयीप्रमाणे फोन ठेवला. घ्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा.

पुढचा फोन एका शाळेतल्या बाईंना होता. यांचंही सिझेरियन त्याच सुमाराला झालेलं, पण जखम कोरडी खडखडीत. जंतूबाई अशांनाही तितक्याच निगुतीनं फोन करायची, कारण आजारी कोण पडलं याच्याइतकंच कोण पडलं नाही हेही बघावं लागतं. प्रश्न संपले. आणखी काही सांगायचंय का?

"सांगायचंय तर," शाळेतल्या बाई वर्गात बोलावं तशा बोलल्या. "ते सोनोग्राफीचं जेल इतकं गार होतं की मी टेबलावरून उडाले. बाईमाणसाच्या पोटावर बर्फ ओतता की काय तुम्ही लोक?"

जंतूबाईनं पेन टेकवलं आणि थांबली. "गार? आमच्याकडे तर कोमट करून लावतात."

"कोण लावतं? मला तर खालच्या मजल्यावर नेलं होतं. वरची खोली म्हणे रिकामी नव्हती."

जंतूबाईनं 'खालचा मजला, गार' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. तिनं धन्यवादसुद्धा न म्हणता फोन ठेवला. वरच्या मजल्यावर मावशींची खोली. खाली दुसरी खोली, तिथं सगळं झटपट, जेल जसं असेल तसं. तिनं ज्यांच्या जखमा बिघडल्या त्या एकेकीला फोन लावायला सुरुवात केली. आज ना जखम विचारली ना ताप. एकच प्रश्न. जेल गार होतं की कोमट?

"कोमट," एकजण म्हणाली. "फार छान वाटलं."

"कोमट. का हो? त्या मावशी बऱ्या आहेत ना?"

तिसरीनं तर मावशींचे इतके गुण गायले की जंतूबाईला मध्ये बोलायला जागाच मिळेना. मग तिनं ठणठणीत असलेल्यांना लावले. गार. गार. एकजण म्हणाली, सोनोग्राफी झालीच नाही, घाईत थेट थिएटरात नेलं. जंतूबाई खुर्चीवरून कधी उठली तिला कळलं नाही. खोलीत उभ्या उभ्या ती एकटीच हसत होती आणि हातातल्या पेनानं टेबलावर ताल धरत होती. ज्या कुरकुरत होत्या त्या सगळ्या बऱ्या, आणि ज्या कौतुक करत होत्या त्यांच्याच जखमा उघडलेल्या. आणि इतके दिवस ती कौतुक सुरू झालं की फोन ठेवत होती.

तेवढ्यात तिचा स्वतःचा मोबाईल वाजला. आई होती.

"अगं, हिचं पाणी गेलं सकाळीच. तुझा हॉस्पिटलातला फोन कधीचा लावतेय, तो आपला लागूनच आहे. आम्ही पोचलोय. तिला वर नेलंय."

"वर कुठे?"

"सोनोग्राफीला. बाळ फिरलं का बघतायत, मग लगेच ऑपरेशन. तू येतेस ना?"

येतेस ना काय, बाई सुटलीच. लिफ्ट नेहमीप्रमाणे कुणीतरी वर अडकवून ठेवलेली. ती जिन्यानं धावली. हॉस्पिटलात धावायचं नाही, घाबरतात लोक, हे नव्या नर्सांना शिकवणारी ही. एक वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन भिंतीला चिकटला. जिन्यात तिची चप्पल निसटली, ती तिनं तिथंच टाकली आणि एका चपलेवर वरचा मजला गाठला.

सोनोग्राफीची खोली अर्धी अंधारलेली. टेबलावर धाकटी, पोट उघडं. मशीनशी तरुण डॉक्टरीण. आणि टेबलापाशी मावशी. गोल चेहऱ्याची, केस पिकलेली, जिच्या नुसत्या येण्यानं पेशंटचं अर्धं दुखणं पळे अशी. तिच्या शेजारी स्टुलावर कोमट पाण्याचं पातेलं, आणि त्यातून नुकतीच काढलेली, थेंब गळणारी जेलची बाटली तिच्या हातात. बाटली पोटावर वाकडी झालेली.

"मावशी, थांबा."

मावशींचा हात जागीच थांबला. जंतूबाईला इतका दम लागला होता की पुढचा शब्द फुटेना. तिनं मावशींच्या हातातून बाटली घेतली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"ताई, तुझी चप्पल कुठाय?" टेबलावरून धाकटी म्हणाली.

"मावशी," जंतूबाई कसंबसं म्हणाली, "ही बाटली तुम्ही कधी धुता?"

"धुवायची कशाला?" मावशी म्हणाल्या, आणि त्यात अभिमान होता. "मी ती रिकामी होऊच देत नाही. थोडं उरलं की मोठ्या डब्यातून वरून भरते. थंडी सुरू झाल्यापासून सकाळीच पातेल्यात ठेवते, म्हणजे दिवसभर कोमट राहतं. पोरी दचकतात हो गार लागलं की."

बाटली कधी रिकामी नाही, कधी धुतलेली नाही, आणि दिवसभर कोमट. लॅबकाकांच्या पाहुण्याला याहून चांगलं माहेर कुठलं मिळणार? तिथं तो बसायचा आरामात, आणि ऑपरेशनच्या अगदी आधी ज्या पोटावर सुरी चालणार नेमका त्याच पोटावर जाऊन उतरायचा. जंतूबाईला हे दिसलं आणि मावशींचा चेहराही दिसला, आणि आनंद होतोय की रडू येतंय हे तिला कळेना.

"गार जेल आणा," ती डॉक्टरणीला म्हणाली. "बंद पाकिटातलं, न उघडलेलं. आत्ता."

पाकीट आलं, फोडलं, धाकटीच्या पोटावर ओतलं. धाकटीनं जी किंकाळी फोडली ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली असेल. "ताई, मी तुझी सख्खी बहीण आहे ना गं," ती दातओठ खात म्हणाली. बाळ काही फिरलं नव्हतं. पाय तस्सेच खाली.

बाहेर मोठे डॉक्टर थिएटरकडे निघालेले तिनं गाठले आणि एका श्वासात सगळं ओतलं. त्यांनी ऐकून घेतलं. "पुरावा काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "आजारी पडलेल्या सगळ्या आपलं कौतुक करतात, एवढंच."

डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडताना तिला स्पष्ट दिसला, कारण त्यांचे कान लाल झाले. "म्हणजे ज्या ओरडल्या त्या वाचल्या," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखं टुणकन वळून त्यांनी वॉर्डातल्या सिस्टरला हाक मारली. त्या खोलीतलं सगळं जेल, बाटली, डबा, पातेलं, पातेल्यातलं पाणीसुद्धा, सील करून लॅबमध्ये. "आणि बाई," ते जाता जाता म्हणाले, "तुमच्या बहिणीचे टाके मी स्वतः घालतो. चप्पल शोधा तुमची."

मुलगी झाली. आईच्या मते नाक थेट जंतूबाईवर गेलं होतं, दुसऱ्याच्या भानगडीत खुपसायला सोयीचं.

जंतू वाढायला वेळ लागतो, त्याला घाई करून चालत नाही. जंतूबाई लॅबच्या दारातून इतक्या चकरा मारत होती की काकांनी शेवटी आतून कडी लावली. आणि मग एका दुपारी त्यांनीच फोन केला. "ये," ते म्हणाले, "तुझ्या त्या बाटलीनं माझी ताटली भरून टाकलीय. तोच आहे. शिंपीणबाईंच्या जखमेतला आणि हा, जुळे भाऊ." जंतूबाईनं फोन ठेवला आणि बंद खोलीत दोन्ही हात वर करून गोल फिरली. असा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता, हे तिनं नवऱ्याला त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. तो म्हणाला, "मला अंदाज होताच."

पण मावशींना सांगायचं काम उरलं होतं. डॉक्टर म्हणाले, मी सांगतो. जंतूबाई म्हणाली, नको, मी सांगते. मावशी चहाच्या खोलीत बसल्या होत्या. जंतूबाई त्यांच्या शेजारी बसली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या हातून," मावशी म्हणाल्या.

"बाटलीतून, मावशी."

"बाटली कुणाच्या हातात होती?"

जंतूबाईला खोटं बोलवेना. तिनं मावशींचा हात हातात घेतला आणि तसाच ठेवला. "एका पोरीनं गार लागलं म्हणून रडायला सुरुवात केली होती हो," मावशी म्हणाल्या. "घाबरलेली होती आधीच. म्हणून मी पहिल्यांदा ते पाण्यात ठेवलं." मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि शिंपीणबाईंचा नंबर मागितला. त्या काय बोलल्या ते जंतूबाईनं ऐकलं नाही, ती उठून बाहेर गेली होती. पण आतून मावशींचं रडणं ऐकू आलं आणि मग बऱ्याच उशिरानं दोन बायकांच्या बोलण्याचा साधा आवाज. मोठ्या डॉक्टरांनी त्या सगळ्या बायकांना बोलावून घेतलं, काय झालं ते समोर बसवून सांगितलं आणि त्यांच्या जखमा बऱ्या होईपर्यंत उपचार आपल्याकडे घेतले. त्यानंतर एकाही नव्या बाईची जखम उघडली नाही.

मावशी त्याच खोलीत राहिल्या. आता पातेलं नाही, बंद पाकिटं. पाकीट फोडायच्या आधी त्या पेशंटच्या पायांवर जाड चादर टाकतात, तिचा हात धरतात आणि म्हणतात, "थोडं गार लागेल हं, बाळा. ओरडलीस तरी चालेल."

धाकटी घरी गेल्यावर तिलाही इतर सगळ्यांसारखाच फोन गेला. बहीण असली म्हणून काय झालं, यादीत नाव आहे. मावशी तेव्हा काही कामानं जंतूबाईच्या खोलीत आल्या होत्या आणि जायला उठत होत्या. जंतूबाईनं त्यांना हातानंच बसा म्हटलं.

"जखम लाल आहे?"

"नाही."

"पाणी येतं? ताप?"

"नाही गं. कोरडी आहे. काल आईनंही बघितली, ती तर म्हणते शिवण दिसतसुद्धा नाही."

जंतूबाईनं डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. मग पेन उचललं. "आणखी काही सांगायचंय?"

"सांगायचंय ना. तक्रार लिहून घे. ते जेल भयंकर गार होतं. माझा जीव गेला होता."

जंतूबाईनं फोनचा स्पीकर लावला आणि तो टेबलावरून मावशींच्या पुढे सरकवला.

"जरा मोठ्यानं सांग," ती म्हणाली. "मावशी इथं बसल्यात."